छोट्या मशीनवरचा खंदक

कारखान्यात त्याला अजूनही टर्नरच म्हणत, पण लेथला हात लावून त्याला दोन वर्षं आणि वर काही महिने झाले होते. आता तो टूल रूमच्या खिडकीत बसायचा. कामगार यायचे, आपल्या नंबराचा पितळी बिल्ला खिडकीच्या फळीवर टाकायचे, काय हवं ते सांगायचे. टर्नर मागच्या कपाटातून ड्रिल, टॅप किंवा मायक्रोमीटर काढून द्यायचा आणि बिल्ला त्या हत्याराच्या जागी खिळ्याला अडकवायचा. हत्यार परत आलं की बिल्ला परत. काम हलकं होतं. बोलणं त्याहून हलकं.

"आठचा ड्रिल."

"हा घ्या."

"बारीक पाना."

"हा घ्या."

एखाद्या दिवशी तर "हा घ्या" सोडून दुसरं काही त्याच्या तोंडून निघायचंच नाही.

त्याच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. लेथवर हातमोजा घालून काम करायचं नसतं, हे नवीन आलेल्या प्रत्येकाला तोच सांगायचा. अगदी डोळे वटारून सांगायचा. आणि एका थंड सकाळी, बोटं आखडली होती म्हणून, पाच मिनिटांचंच तर काम आहे म्हणून, त्याने स्वतः हातमोजा घातला. लेथवर फिरणाऱ्या लोखंडाच्या टोकाला मोज्याचा धागा अडकला. पुढचं त्याला नीट आठवत नाही. फोरमनने पळत येऊन बटण दाबलं, एवढं आठवतं. आणि कुणीतरी म्हणालं, "अरे, हा? हा तर आपला सगळ्यात जुना माणूस." ते वाक्य त्याच्या मनातून कधी गेलं नाही.

तो एकटा राहायचा. एक खोली, एक स्वयंपाकाचा ओटा, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. लग्न झालं नव्हतं. सुरुवातीला जमलं नाही, मग वेळ गेली, मग विषयच निघेनासा झाला. थोरली बहीण दुसऱ्या शहरात होती. ती एक दिवसाआड फोन करायची.

अपघात झाला तेव्हा ताई आणि भाऊजी दोघंही धावत आले. भाऊजींनी येताना एक हँडहेल्ड कन्सोल आणला, तळहाताहून थोडा मोठा, मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. "यात एका हाताने खेळता येतील असेही खेळ आहेत म्हणे," ते म्हणाले आणि लगेच कानापर्यंत लाल झाले. टर्नरने त्यांना वाईट वाटू दिलं नाही. दवाखान्यात तो त्यावर पत्ते खेळला, रंगीत ठोकळे जुळवले. घरी आल्यावरही तेच. दोन वर्षं ठोकळे.

एका मंगळवारी कामावरून आल्यावर त्याने ते छोटं मशीन चालू केलं, तर त्यातल्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर सगळ्यात वर एक चित्र होतं. चिखल, काटेरी तार, लांब एक दगडी मनोरा. खाली लिहिलं होतं, 'खंदक, आता हँडहेल्डवर.'

टर्नर पायातले बूट न काढता पलंगावर बसला.

खंदक हा गोळीबाराचा खेळ. नदीच्या दोन तीरांवर दोन तुकड्या, मध्ये पूल, आणि तो पूल ताब्यात ठेवायचा. अपघाताआधी टर्नर सहा वर्षं हा खेळ टीव्हीला जोडलेल्या मोठ्या मशीनवर खेळला होता. त्यांची चौघांची तुकडी होती. काका, म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर, सगळ्यांत वयस्कर. डॉक्टर, जो काही खरा डॉक्टर नव्हता, पण खेळात मलमपट्टीची पेटी तोच बाळगायचा. मुंगी, जिचा आवाज बारीक होता आणि पाय भारी वेगवान. आणि टर्नर, ज्याला ते घुबड म्हणायचे, कारण तो मनोऱ्यावर चढून बसायचा आणि तिथून लांबचे नेम धरायचा. सहा वर्षांत चौघं एकमेकांना एकदाही भेटले नव्हते. फोन नंबरसुद्धा कुणी कुणाला दिला नव्हता. कानाला हेडफोन लावला की रोज संध्याकाळी सात ते नऊ आवाज हजर असायचे. नंबराची गरजच पडली नव्हती.

अपघात झाला त्या संध्याकाळी त्यांची एका मोठ्या स्पर्धेतली लढत होती. तीन महिने तयारी केली होती. टर्नर अर्थातच गेला नाही. शुद्धीवर आल्यावर त्याला वाटलं, कळवावं. पण काय कळवायचं? मोजा घालून लेथवर उभा राहिलो म्हणून? आज कळवू, उद्या कळवू करता करता महिना गेला, आणि महिन्यानंतर कळवणं जास्तच अवघड होऊन बसलं. मोठं मशीन त्याने खोक्यात भरलं आणि ताईच्या माळ्यावर नेऊन ठेवलं.

आता त्याच खेळाचा पोर्ट आला होता. मोठ्या मशीनसाठी बनवलेला खेळ काटछाट करून छोट्या मशीनवर बसवतात, त्याला पोर्ट म्हणतात. जसं बारा इंची लेथचं काम सहा इंची लेथवर घ्यायचं. होतं काम, पण कुठेतरी मारून मुटकून.

घ्यावा का? त्याने लोकांची मतं वाचायला सुरुवात केली. एकाने लिहिलं होतं, चित्र धुरकट आहे, लांबचा शत्रू म्हणजे चार ठिपके. दुसऱ्याने लिहिलं होतं, गर्दी झाली की खेळ अडखळतो. तिसरा म्हणत होता, ज्यांनी मोठ्या पडद्यावर खेळलाय त्यांनी आठवणी खराब करून घेऊ नयेत. चौथ्याला मात्र बसमध्ये खंदक खेळता येतोय याचाच एवढा आनंद झाला होता की तो बाकी काही सांगतच नव्हता.

टर्नरला जे हवं होतं ते कुणीच लिहिलं नव्हतं. अशा खेळात डाव्या अंगठ्याने चालायचं असतं आणि उजव्या अंगठ्याने नेम धरायचा असतो. उजवा अंगठा नसेल तर काय, हे कोण लिहिणार?

ताईचा फोन आला.

"जेवलास?"

"जेवतो आता. ताई, एक खेळ आलाय. जुना, मी खेळायचो तो."

"मग घे की."

"बघतो."

"तुझं बघतो म्हणजे नाहीच. नवीन गादी बघतो, डॉक्टरांना दाखवून बघतो, मुलगी बघतो. बघूनच पोट भरतं तुझं."

तो हसला. ती पण हसली. ताईच्या घरात मागे कुकर, टीव्ही, भाऊजींचं खोकणं असं सगळं चाललं होतं आणि टर्नरच्या खोलीत फक्त तिचाच आवाज होता.

शुक्रवारी सुटी झाल्यावर तो स्टेशनमागच्या गल्लीत गेला. तिथे व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं, नवे-जुने दोन्ही खेळ मिळायचे. आत काचेच्या कपाटात डब्यांच्या रांगा, कोपऱ्यात दुरुस्तीला आलेली मशीनं, आणि गल्ल्यामागे जाड भिंगांचा चष्मा लावलेली पस्तिशीची बाई. ती एका कंट्रोलरचे स्क्रू काढत होती. टर्नरने उजवा हात जॅकेटच्या खिशात घातला. आता त्याची ती सवयच झाली होती.

"खंदक आहे का? हँडहेल्डवाला?"

"आहे." तिने वर पाहिलं. "आधी खेळलात?"

"मोठ्यावर. सहा वर्षं."

"मग घेऊ नका," ती म्हणाली आणि पुन्हा स्क्रूकडे वळली.

टर्नरला गंमत वाटली. "दुकान तुमचंच ना?"

"माझंच. म्हणून तर सांगते. तुम्ही उद्या परत घेऊन येणार, मग मी तो जुना म्हणून विकायचा, आणि परत तुमच्यासारखाच कुणीतरी येणार. चित्र पुसट आहे. मनोऱ्यावरून पुलाचं पलीकडचं टोक दिसत नाही."

"मी मनोऱ्यावरच बसायचो."

"मग तर नकोच."

तो जायला वळला. खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटलं त्याला. प्रश्नच मिटला. दारापर्यंत पोहोचला तेवढ्यात ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "एकच गोष्ट बरी केलीय त्यांनी. मशीन हातात तिरकं करून नेम धरता येतो. मोठ्यावर ती सोय नव्हती. पण कुणाला आवडत नाही ती. सगळे पहिल्या दिवशी बंद करून टाकतात. अंगठ्याने सोपं पडतं ना."

टर्नर दारात थांबला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. बाहेर एक माणूस हातगाडी ढकलत गेला, ती जाईपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग तो परत आला आणि त्याने खिशातून हात काढून काचेवर ठेवला.

बाईने हाताकडे पाहिलं. अरेरे म्हणाली नाही. नजरही चुकवली नाही. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून तिने विचारलं, "तर्जनी पूर्ण वळते?"

"वळते."

"मनगट?"

"थंडीत थोडं आखडतं. एरवी ठीक."

"हाताने मशीन धरता येतं? तळहात आणि या तीन बोटांत?"

"ठोकळे खेळतो दोन वर्षं."

"म्हणजे येतं." तिने विचार केला. "गोळी तर्जनीने सुटते, तो प्रश्न नाही. नेम तिरकं करून. राहिलं काय? उडी, गोळ्या भरणं, वाकणं. ती बटणं डावीकडे घेता येतात, सेटिंगमध्ये आहे. डाव्या हाताची फार पळापळ होईल." तिने पुन्हा हाताकडे पाहिलं, एखादा सुतार फळीकडे पाहतो तसं. "मला नाही सांगता येत. करून बघायला लागेल. उद्या दुपारी मशीन घेऊन या. माझी स्वतःची कॉपी आहे, ती घालून देते."

टर्नर घरी गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दोन वर्षांत हाताबद्दल त्याला पुष्कळांनी पुष्कळ विचारलं होतं. कसं झालं, दुखतं का, भरपाई मिळाली का. या हाताने काय काय होतं, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं. कारखान्याने तर परस्पर ठरवून त्याला खिडकीत बसवलं होतं, आणि त्यानेही मान हलवली होती.

शनिवारी तो गेला. बाईने त्याला कोपऱ्यात एका उलट्या खोक्यावर बसवलं, कार्ड मशीनमध्ये घातलं आणि आपल्या कामाला लागली. खेळ सुरू झाला. तेच काळपट आभाळ, तेच पाण्याचं टपटपणं. चित्र खरोखर पुसट होतं, काचेवर वाफ धरल्यासारखं. टर्नरने मशीन जरासं उचललं आणि नजर सरळ आभाळाला भिडली. खाली आणलं तर बुटांत घुसली.

"आभाळ बघायला आलात का?" बाई लांबूनच म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मान मागे गेली तुमची."

पहिल्या अर्ध्या तासात तो अकरा वेळा मेला. एकदा स्वतःच्याच हातबॉम्बने. घाम फुटला. उठून जावंसं वाटलं. मग त्याने सेटिंगमध्ये जाऊन मशीन तिरकं केल्यावर होणारी नजरेची हालचाल कमी केली, थोडी जास्तच कमी, मग एक खूण वाढवली. लेथवर तो असाच माप गाठायचा. एकदम नाही, एक रेघ पुढे, अर्धी रेघ मागे. मशीन कसं धरायचं तेही बदललं, कोपर गुडघ्यावर टेकवलं. आता नुसत्या मनगटाने काम व्हायला लागलं. पुलावर एक शिरस्त्राण दिसलं. टर्नरने श्वास धरला, मनगट केसभर वळवलं आणि तर्जनी दाबली.

शिरस्त्राण पडलं.

त्याने बाईकडे पाहिलं. ती एका गिऱ्हाइकाशी बोलत होती. त्याने पुन्हा पडद्यात डोकं घातलं. त्यानंतर पाच नेमांतले दोन बसायचे. पूर्वी पाचातले चार बसत. तरी दोन.

दीड तासाने त्याने कार्ड परत केलं आणि नवा डबा मागितला.

"एक अजून सांगून ठेवते," बाई बिल करता करता म्हणाली. "ऑनलाइन खेळाल तर फक्त हँडहेल्डवाले भेटतील. मोठ्या मशीनवाल्यांचा सर्व्हर वेगळा. तुमचे जुने कुणी असतील तर भेटणार नाहीत."

"मला कुणाला भेटायचं नाही," टर्नर म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि डबा पिशवीत घातला.

घरी आल्यावर खेळाने खात्याचं नाव विचारलं. नवं उघडता आलं असतं. टर्नरने जुनंच टाकलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. पासवर्ड त्याच्या डोक्यात नव्हता, उजव्या अंगठ्यातच होता. तिसऱ्या खेपेला डाव्याने जमला. चाक फिरलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात पत्राचं चित्र आलं. शेजारी आकडा, एक्केचाळीस.

निरोप खेळाच्या आतच पाठवले जायचे, आणि लढाया वेगळ्या असल्या तरी खातं दोन्ही मशीनना एकच होतं. मशीन माळ्यावर गेल्यावर ते त्याला दिसायचं कारणच नव्हतं. त्याने सगळ्यात जुन्यापासून वाचायला सुरुवात केली.

मुंगी: 'कुठे आहेस? दहा मिनिटं राहिली.'

मुंगी: 'अरे घुबडा!'

मुंगी: 'तिघंच उतरतोय. शिव्या खायची तयारी ठेव.'

काका, दुसऱ्या दिवशी: 'हरलो. काही बिघडत नाही. तुझी तब्येत ठीक आहे ना?'

डॉक्टर, चौथ्या दिवशी: 'भाऊ, रागावलास का? मी गेल्या आठवड्यात तुला आंधळा म्हणालो ते गमतीत होतं. सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं.'

डॉक्टर, दहाव्या दिवशी: 'खरंच सॉरी भाऊ.'

आंधळा कधी म्हणाला हा? टर्नरला आठवेना. डोक्याला ताण देऊनही आठवेना. डॉक्टर मात्र चार महिने लिहीत होता. नऊ निरोप. एकात त्याने लिहिलं होतं की काका मला काही बोलत नाहीत, पण त्यांना वाटतं माझ्यामुळेच झालं. शेवटच्यात फक्त, 'ये ना.'

मुंगीचे सगळ्यात जास्त. आधी शिव्या, मग विनोद, मग नुसत्या बातम्या. मनोऱ्यावर आता एक मूर्ख बसतो, त्याला पूल आणि नदी यातला फरक कळत नाही. आज जिंकलो. आज डॉक्टर आला नाही. आज मी आणि काकाच. आणि चौदा महिन्यांपूर्वीचा शेवटचा निरोप:

'घुबडा, आज माझा शेवटचा दिवस. नोकरीसाठी लांब चाललेय, मशीन विकलं. डॉक्टर म्हणतो तू मेलास. मला नाही वाटत. तू नेहमी उशिराच यायचास. खाली नंबर देतेय. आलास की फोन कर, कितीही दिवसांनी.'

टर्नरने लगेच फोन लावला. हा क्रमांक सेवेत नाही, असं एक बाई अगदी प्रेमळ आवाजात म्हणाली. त्याने आकडे तपासून पुन्हा लावला. तीच बाई.

बाहेर अजून उजेड होता. समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. टर्नर बराच वेळ मशीन मांडीवर घेऊन बसला. मग त्याने डाव्या हाताने एक एक अक्षर शोधत तिघांनाही एकच निरोप लिहिला. 'उजवा अंगठा गेला, त्याच दिवशी सकाळी, कामावर. चूक माझीच होती. लाज वाटली म्हणून कळवलं नाही. कुणावर रागावलो नव्हतो. डॉक्टर, तुझ्यावर तर नाहीच.'

उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही.

तो खेळत राहिला. कामावरून यायचा, हात धुवायचा, कोपर गुडघ्यावर टेकवून बसायचा. हँडहेल्डवर खंदक खेळणारे थोडेच होते. बरेचदा तुकडीत एक तो आणि बाकी कॉम्प्युटरचे सैनिक असायचे. ते वेळेवर पळायचे, वेळेवर मरायचे, बोलायचे मात्र नाहीत. जी खरी माणसं भेटायची तीही बोलायची नाहीत, हेडफोनमध्ये कुणाचा आवाज यायचा नाही. पाचातले तीन नेम बसायला लागले. एका संध्याकाळी तो तुकडीत पहिला आला. पडद्यावर त्याच्या नावाखाली सोनेरी पट्टी आली, पाच सेकंद थांबली आणि गेली. त्याने मान वर केली, कुणाला तरी सांगावं म्हणून. ताईला फोन लावला.

"ताई, मी पहिला आलो."

"कशात?"

त्याने सांगितलं. तिने मनापासून कौतुक केलं, पण तिला मनोरा ठाऊक नव्हता, पूल ठाऊक नव्हता, आणि तीन मिनिटांत बोलणं गादीवर आलं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारच्या सुटीत त्याने मशीन उघडलं, तर एक निरोप होता. काकांचा. त्यात फक्त फोन नंबर, आणि पुढे, 'आत्ता लाव.'

टूल रूमची खिडकी ओढून घेऊन टर्नरने फोन लावला.

"घुबड?" आवाज तोच, थोडा फुटलेला.

"हो, काका."

"जिवंत आहेस तर." काका नाक शिंकरत होते. "मी आता रोज उघडत नाही रे तो खेळ. महिन्यातून एकदा उघडतो. काल उघडला. वाचून आमची ही म्हणाली, अहो रडताय काय, अंगठाच गेलाय ना, माणूस आहे की."

"चुकलं माझं, काका."

"चुकलंच. शंभरदा चुकलं. हात दुखतो का?"

"थंडीत."

"माझे गुडघे. चालायचंच. डॉक्टरला कळवतो मी, त्याचा नंबर नंतर घेऊन ठेवलाय. त्याने खेळ सोडला, पण मनातून ते गेलं नव्हतं त्याच्या."

"आणि मुंगी?"

"मुंगीचा पत्ता नाही रे. मीही लावून पाहिला तिचा नंबर. बंद आहे." मग काका म्हणाले, "बरं, ते जाऊ दे. रविवारी ये सकाळी दहाला. मनोरा रिकामा आहे."

टर्नरने डोळे मिटले. "काका, येता नाही यायचं. माझं ते छोटं मशीन आहे. यातून तुमच्याकडे येत नाही. वेगळा सर्व्हर."

"मग मोठं काढ."

"मोठ्यावर नेम धरता येत नाही मला. अंगठा लागतो. इथे मनगटाने होतं."

"अस्सं," काका म्हणाले. बाहेर कुणीतरी खिडकीवर बिल्ला वाजवला. टर्नरने डाव्या हाताने खूण केली, थांबा.

"मी घेतो ते छोटं," काका म्हणाले.

"नका घेऊ. चित्र अगदी पुसट आहे. तुमच्या डोळ्यांना नाही दिसायचं."

"मोतीबिंदू झालाय एका डोळ्यात, ते खरं." मग बस वळवायची जागा सापडल्यासारखे म्हणाले, "असं कर. तू तिकडे खेळ, मी इकडे खेळतो. फोन चालू ठेवू. नकाशा तोच आहे ना?"

डॉक्टरचा फोन त्याच संध्याकाळी आला. तो आधी खूप बोलला, मग रडला, मग आपल्या मुलीचा एक फोटो पाठवला. टर्नरने त्याला तीनदा सांगितलं की आंधळा म्हटलेलं मला आठवतसुद्धा नाही. ते ऐकून डॉक्टरला हलकं वाटलं की वाईट, हे टर्नरला कळलं नाही. नंतर दोघांकडे बोलायला फारसं उरलं नाही. भेटू कधीतरी, असं म्हणून डॉक्टरने फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही, आणि टर्नरला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रविवारी दहा वाजता टर्नरने खुर्ची खिडकीशी ओढली, फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि मशीन हातात घेतलं. पलीकडून काकांच्या टीव्हीचा आवाज येत होता, भांड्यांचा येत होता, काकूंचा येत होता. "घुबडाला माझा नमस्कार सांगा," त्या म्हणाल्या. काकांनी सांगितला.

"निघालो," काका म्हणाले. "मी पुलाखालून जातो. तू वर चढ."

टर्नर वर चढला. त्याच्या पडद्यावर पूल होता, नदी होती, चार अनोळखी सैनिक होते. काका नव्हते. काका दुसऱ्याच लढाईत होते, दुसऱ्याच माणसांबरोबर. तरी तो पुलाखाली पाहत होता.

"डावीकडे भिंत पडलीय, तिथे बसतोय," काका म्हणाले.

"हो."

"दम लागतो आता नुसत्या बटणांनी. उजवीकडून दोघं येतायत रे! बघ, बघ!"

टर्नरच्या उजवीकडे कुणी नव्हतं. ओला चिखल, तुटकी तार, त्यापलीकडे धुकं. समोरून मात्र त्याच्याच लढाईतला एक शत्रू पूल ओलांडून येत होता. तो सहज टिपता आला असता. टर्नरने मनगट उजवीकडे वळवलं, नेम रिकाम्या चिखलावर धरला आणि धरून ठेवला.

"घेतले का?" त्याने विचारलं.

"एक घेतला," काका धापा टाकत म्हणाले. "दुसरा पळाला. तू आहेस ना वर?"

"आहे, काका. वरच आहे."

समोरून आलेल्या शत्रूने टर्नरला तेवढ्यात मारलं. पडदा काळा झाला, परत उजळायला दहा सेकंद लागतात. स्पीकरमधून काकांच्या घरातला गोळीबार ऐकू येत होता, आणि मध्येच काकूंनी विचारलं की पंखा चालू करू का.